इर्सालियेवविरुद्ध तक्रार अर्ज, दोन प्रतींत

कारा-तोर, ११ मार्च

उलार,

तीन वेळा तुला खाऊचा डबा पाठवला, तिन्ही वेळा न उघडता परत आला. शेवटच्या डब्यातलं तूप तर खवट होऊन आलं. पत्र मात्र एकदा फोडलं की परत पाठवता येत नाही, आणि तुमच्या तुरुंगात ते तुझ्याआधी साहेबच फोडतात. म्हणून पत्र. साहेब, नमस्कार. माझं अक्षर बरं आहे, तुम्हाला त्रास होणार नाही.

गावाकडून काहीबाही तुझ्या कानावर येईल, त्याआधी माझ्याकडून ऐक. अता बँकेच्या पायऱ्यांवरून पडले. बर्फ होतं. गळ्याजवळचं हाड मोडलं आणि पुढचे तीन दात गेले. त्यातला एकच कामाचा होता, असं ते स्वतःच म्हणतात. डावा हात झोळीत आहे. घोड्यावर बसू देत नाही म्हणून माझ्यावर, पोटच्या पोरीवर, रागावलेत, म्हणजे तब्येत ठीक आहे.

पडण्याआधी बँकेचा नवा मॅनेजर इर्सालियेव आणि अता यांच्यात थोडी बोलाचाली झाली होती. त्याबद्दल मी रीतसर तक्रार करणार आहे. गेली वीस वर्षं पंचायतीच्या कचेरीत मी हेच करते. शेजाऱ्याच्या मोकाट घोडीपासून विजेच्या खांबापर्यंत या गावातली प्रत्येक तक्रार माझ्या हातची आहे. माझ्या अर्जात किती दम असतो, हे तुझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

तुझे एकशे एक दिवस उरलेत. तुझी बहीण मोजते, तू मोजत नसलास तरी.

अनारकुल


कारा-तोर, २० मार्च

उलार,

चार वर्षांत तुझे पहिले दोन शब्द आले. 'खरं सांग.' सही नाही, तारीख नाही. तरी कागद उशाखाली ठेवला.

खरं सांगते. पण आधी खाली बस.

पेन्शनची नवी कार्डं निघालीत. त्यासाठी बँकेत प्रत्येकाचा फोटो काढतात, उघड्या डोक्याने. अता घोड्यावरून गेले, हातात चाबूक, डोक्यावर पांढरा कल्पाक. खिडकीतली मुलगी म्हणाली, "आजोबा, टोपी काढा." अता म्हणाले, "पोरी, ही टोपी खाली ठेवली ती फक्त बायकोच्या मातीला जाताना. तुला फोटो हवाय ना? हिच्यासकट घे. दोघंही सारखेच म्हातारे दिसतो." रांगेतले सगळे हसले, ती मुलगीसुद्धा.

ते हसणं ऐकून इर्सालियेव केबिनमधून बाहेर आला. "म्हातारबा, हे तुमचं कुरण नाही. काढा ती."

"तुझ्या बापाने काढली होती का रे चारचौघांत?"

इर्सालियेवने हाताच्या फटक्याने कल्पाक उडवला. तो दाराशी चिखलात पडला. मॅनेजर त्याच्यावर बूट ठेवून उभा राहिला. अतांनी चाबूक उचलला. मारला नाही, नुसता उचलला. मग त्याने त्यांची कॉलर धरली, दारापर्यंत फरफटत नेलं आणि ढकललं. तीन लोखंडी पायऱ्या आहेत तिथे. तोंड शेवटच्या पायरीवर आपटलं. हाड मोडल्याचा आवाज रांगेत मागे उभ्या असलेल्या बाईलासुद्धा ऐकू आला. तो खाली उतरला आणि त्याने पोटात दोन लाथा घातल्या. अतांनी दात तळहातावर थुंकले, आणि एका हाताने सरपटत पायऱ्या चढून परत आत गेले. कल्पाक आणायला. हे मला बँकेचा रखवालदार ओमुर याने सांगितलं, आणि सांगताना तो रडला.

आता तू भिंतीवर मूठ आपटली असशील. आपट. भिंत सरकारी आहे.

पण ऐक. हे काम माझं आहे, कागदाचं आहे. तू बाहेर यायच्या आत मी त्या माणसाला त्या खुर्चीवरून उठवीन. तू आलास की तुला बँकेत बघायला दुसराच कुणीतरी मिळेल.

अनारकुल


कारा-तोर, ६ एप्रिल

उलार,

तू लिहितोस, 'तुझा कागद राहू दे.' आता शब्द चार झाले. बरी प्रगती आहे.

तुझ्याकडे वेळ आहे, तर शिकून घे. वर उजव्या कोपऱ्यात कोणाला आणि कोणाकडून. मग तारीख, वेळ, जागा. मग काय घडलं ते, ज्या क्रमाने घडलं त्या क्रमाने. विशेषण एकही नाही. मी आधी 'राक्षस' लिहिलं होतं, ते खोडून 'शाखा व्यवस्थापक' केलं. राक्षसाविरुद्ध तक्रार कोणी नोंदवून घेत नाही. मग डॉक्टरचा कागद, मग साक्षीदार. शेवटी आपल्याला नेमकं काय हवंय ते. इथेच लोक चुकतात. चार पानं रडतात आणि मागत काहीच नाहीत. मी दोन गोष्टी मागितल्या: त्याला त्या जागेवरून काढावं, आणि त्याने त्याच बँकेत, त्याच वेळी, त्याच लोकांसमोर अतांची लेखी माफी मागावी. दोन प्रती केल्या. सहा तास गाडीने राजधानीला गेले, मुख्य कचेरीत एक प्रत दिली आणि माझ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. आवक क्रमांक ४१७. तिथला कारकून म्हणाला, "ताई, असा स्वच्छ अर्ज वर्षातून एखादा येतो." मी बावळटासारखी खूश झाले.

साक्षीदार म्हणून ओमुरने सही केली. रांगेत आठजण होते. ते आठहीजण त्या दिवशी म्हणे आपापले बूट बघत होते.

हे पुढचं लिहू नये असं वाटत होतं. पण तू खरं सांग म्हणालास.

सोमवारी इर्सालियेवच्या पुतण्यांनी ओमुरला त्याच्याच गोठ्यात गाठलं. घोड्याच्या लगामाने खांबाला बांधलं आणि फावड्याच्या दांड्याने मारलं. चार बरगड्या मोडल्या. कानाची पाळी फाटून लोंबत होती, ती नर्सने शिवली. दुसऱ्या दिवशी तो बायकोच्या खांद्यावर हात टाकून माझ्या टेबलाशी आला. एक डोळा बंद होता. थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाला, "एजे, केलेली सही मागे घ्यायची असेल तर अर्ज कसा लिहायचा?"

तोही मीच लिहून दिला. दोन प्रतींत.

आता साक्षीदार नाही. अर्ज मात्र आहे, शिक्काही आहे. मी वाट बघते.

अनारकुल


कारा-तोर, २७ एप्रिल

उलार,

माझ्या हातून एक चूक झाली. ती तुला दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मी सांगते. आणि शिव्या देऊ नकोस. मी स्वतःला पुरेशा दिल्यात.

शुक्रवारी दुपारी दारात गाडी थांबली. इर्सालियेव, त्याचा थोरला भाऊ, आणि पुढे कादिर अक्साकल. आता कादिर म्हणजे गावच्या पंचांतला सगळ्यात म्हातारा, त्याच्या तोंडावर दार कसं लावणार? मागे दोरीला बांधलेली मेंढी आणि इर्सालियेवच्या हातात नवाकोरा कल्पाक.

मी अतांना आधीच बजावून ठेवलं होतं. "हे लोक येतील. त्यांना बसू द्या, बोलू द्या. पण तोंडात काही घालू नका आणि दुवा मागायला हात उचलू नका, नाहीतर सलोखा झाला असं होईल." अता म्हणाले, "मला शिकवतेस? मी काय लहान आहे?"

ते बसले. कादिरने अतांना नावाने हाक मारून सुरुवात केली. "तोक्तोबोलोत, तरुण रक्त आहे, चुकलं. मान खाली घालून आलाय."

इर्सालियेवची मान खाली नव्हती. तो आपल्या घराचं छत बघत होता. तिथे ओल आलीय, ती.

अता म्हणाले, "याने माझी टोपी तुडवली, कादिर. हाडाचं काही नाही, हाड जुळतं."

"म्हणून तर नवी आणलीय."

"जुनीत काय वाईट होतं?"

असं चाललं होतं आणि ठीक चाललं होतं. कादिर उठलासुद्धा. म्हणाला, "बरं, येतो. तुझं मन होईल तेव्हा बघू." आणि उलार, पाहुणे उठले, दाराकडे निघाले, आणि आपल्या घरातून कोणी नान न चाखता बाहेर पडलंय असं मी जन्मात पाहिलेलं नाही. आईने तर जप्तीला आलेल्या माणसालाही तुकडा दिला होता. माझे पाय आपोआप चुलीकडे गेले. मीच. माझ्या या हातांनी ताजं नान फडक्यात घेऊन मी दारात त्यांच्यासमोर धरलं आणि म्हणाले, "तुकडा तरी चाखून जा."

तोंडातून शब्द निघाले आणि मला कळलं. पण तोवर कादिरने तुकडा मोडला होता. इर्सालियेवनेही मोडला, एक तुकडा अतांपुढे केला, आणि अतांनी तो घेतला. मालकाने आपल्याच घरचं नान नाकारायचं कसं? मग कादिरने तळहात उघडले आणि दुवा म्हटली, आणि अतांचा चांगला हात ऐंशी वर्षांच्या सवयीने वर गेला आणि तोंडावरून फिरला. आमीन. सलोखा झाला. थोरल्या भावाने सगळं फोनवर टिपलं. मेंढी तिथेच अंगणात कापली. इर्सालियेवने स्वतः गळ्यावर सुरी फिरवली आणि रक्ताचे हात माझ्या टॉवेलला पुसले.

मी चुलीमागे जाऊन स्वतःच्या थोबाडीत मारली.  रात्री अता एवढंच म्हणाले, "नान तूच आणलंस, पोरी."

अनारकुल


कारा-तोर, १८ मे

उलार,

उत्तर आलं. माझा अर्ज मुख्य कचेरीने 'चौकशीसाठी संबंधित शाखेच्या व्यवस्थापकाकडे' पाठवला होता. म्हणजे इर्सालियेवने इर्सालियेवची चौकशी केली. त्याला स्वतःमध्ये काही गैर आढळलं नाही. सोबत फोटो जोडलाय: अता, इर्सालियेव, दोघांच्या हातात नान. खाली लिहिलंय, 'उभय पक्षांत स्थानिक रिवाजानुसार समेट. अर्ज निकाली.' सही, शिक्का. माझ्या अर्जाइतकाच स्वच्छ कागद.

तो आता मला रस्त्यात हाक मारतो. "अनारकुल एजे, पुढचा अर्ज कधी? आमचे कागद संपत आलेत, तुमचेच वापरू." काल दुकानात सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. अजून जळते ती जागा.

आणि तुझ्या कोठडीतला जापार सुटून आला. चहा प्यायला, पाच नान खाल्ली, मग तुझा निरोप दिला. "उलार म्हणतो, मी वीस जूनला सुटतो. एकवीसला बँक नऊ वाजता उघडते." एवढं बोलून तो हसला. मी हसले नाही. त्याला विचारलं, "तो आत काय करतो दिवसभर?" म्हणाला, "दंड काढतो आणि गप्प असतो."

साहेब, तुम्ही हे वाचताय. त्याला आणखी सहा महिने ठेवता येत नाही का? हे मी मनापासून विचारते.

अनारकुल


कारा-तोर, ३ जून

उलार,

ज्या वाक्यासाठी तू डबे परत पाठवलेस, ते आज लिहिते.

त्या रात्री तुला मीच फोन केला होता. मेदेरने माझं डोकं दाराच्या कडीवर आपटलं होतं, डोळ्यांत रक्त उतरत होतं, आणि मी म्हणाले होते, "ये. चाबूक घेऊन ये. याला असं कर की परत हात उचलता येणार नाही." तू आलास आणि मी सांगितलं तसंच केलंस. मुठीने त्याचा जबडा दोन ठिकाणी मोडलास. त्याचा उजवा हात चुलीच्या लोखंडी दारात घातलास आणि दार लाथेने बंद केलंस. पुन्हा. आणि पुन्हा. नवरा माझा होता, किंकाळी त्याची होती, आणि मी भिंतीला टेकून उभी होते. कोर्टात मी म्हणाले, मी 'पुरे' म्हणून ओरडले. मी ओरडले नाही. मला ते थांबायला नको होतं.

मग त्याचे भाऊ आले. म्हणाले, तक्रार तू कर, नाहीतर आम्ही सांगू की तूच घडवून आणलंस, दोघंही आत जाल. मी टेबलाशी बसले आणि आयुष्यातला सगळ्यात चांगला अर्ज लिहिला. 'माझा भाऊ न बोलावता घरात शिरला.' या एका ओळीने तुला साडेचार वर्षं दिली. मी घाबरले होते. दुसरं एखादं बरं कारण मी खूप शोधलं. सापडलं नाही.

आता माझं ऐक. मेदेर जगला, कारण अता धावत आले आणि तुझ्या कमरेला लटकले. तुला मध्ये थांबता येत नाही, मी पाहिलंय. इर्सालियेववर तू हात टाकलास तर तो मरेल, आणि तू पुन्हा कधी बाहेर येणार नाहीस. अता तुला पुन्हा बघणार नाहीत. तो माणूस एवढ्या लायकीचा नाही, उलार. जापारला फोन करतोस ना, त्याच्याकरवी एक शब्द पाठव, फक्त 'नाही' एवढा. मी रोज त्याच्या दाराशी जाऊन विचारीन.

अनारकुल


जिल्ह्याचं ठाणं, १४ जून

उलार,

'नाही' आला नाही. नऊ दिवस मी जापारच्या दारात गेले. मग जाणं बंद केलं.

सोमवारी सकाळी अकराला बँकेत गेले. मुद्दाम पेन्शनच्या दिवशी, रांग भरलेली असताना. रांगेसाठी दोरी बांधलेले लोखंडी दांडे असतात ना उभे, खाली जड तबकडी असलेले, त्यातला एक उचलला. जड होता. इर्सालियेव दारात येऊन हसला. "काय एजे, आज अर्ज नाही आणला?"

मी तबकडीकडून मारलं. पहिला घाव उजव्या हातावर, त्याने तोंडासमोर धरला होता. मनगट वाकून लोंबलं. दुसरा गालावर. तो खाली बसला, तेव्हा तिसरा खांद्यावर, आणि गळ्याजवळचं हाड मोडल्याचं मला हातात कळलं. त्याने दात थुंकले. मला वाटलं होतं की मला घाण वाटेल. वाटली नाही. चौथ्यासाठी दांडा वर गेला होता, आणि तेव्हा मला कळलं की तुला मध्ये का थांबता येत नाही. गोड लागतं ते. मी दांडा खाली ठेवला. दोन्ही हातांनी ठेवावा लागला. मग खिडकीतल्या मुलीला म्हणाले, "पोलिसांना फोन कर आणि यांना पाणी दे." तो जगेल. उजव्या हाताने लिहिणं मात्र बरेच महिने होणार नाही.

म्हणूनच मजा झाली. हवालदार म्हणाला, जबाब लिहायचा कुणी, माझं अक्षर मलाच लागत नाही. दवाखान्यात इर्सालियेवच्या खाटेशी बसून त्याची माझ्याविरुद्धची तक्रार मीच लिहिली. तो तोंड न उघडता गुरगुरत म्हणाला, "लिही, राक्षसीण." मी म्हणाले, "विशेषण नको. तक्रार पडेल." तारीख, वेळ, जागा, घाव तीन, क्रमाने. त्याने डाव्या हाताचा अंगठा लावला. माझा स्वतःचा जबाब वेगळा दिला. त्यात चार वर्षांपूर्वीची राहिलेली ओळही घातली: फोन मी केला होता, भावाला मी बोलावलं होतं. वकील म्हणतो, याने माझं वाढेल. तुझ्या नावावरचा काही भाग उतरेल का ते बघू, असंही म्हणतो.

आता मी हे का केलं ते नीट वाच.

आपल्या घरात नान मोडलं गेलं होतं, दुवा झाली होती. त्यानंतर हात उचलला तो आपल्या घराने. दोष आता त्यांच्याकडे नाही, आपल्याकडे आहे. अतांची हाडं, टोपी, ओमुरच्या बरगड्या, या सगळ्याचं त्यांच्याकडचं येणं मी एका सकाळीत बुडवलं. आता तू त्याला बोट लावलंस तर तो सूड नाही, नुसती गुंडगिरी. कादिर तोंड फिरवील, अता दार लावतील. तुझ्यासाठी त्या बँकेत काहीही शिल्लक ठेवलेलं नाही मी. तू मारलं असतंस तर तो मेला असता, म्हणून तुझ्याआधी मी मारलं.

अता माझ्याशी बोलत नाहीत. त्यांनी आमीन म्हटलं होतं आणि मी ते मोडलं. काल शेजारणीबरोबर जेवण पाठवलं, निरोप नाही. शेजारणीने मात्र सांगितलं की त्यांनी कळपातली सगळ्यात चांगली मेंढी वेगळी बांधलीय. एकवीस तारखेला ते ती घेऊन इर्सालियेवच्या दारात जाणार, मान खाली घालून, माझ्या वतीने. ऐंशी वर्षांचा माणूस, ज्याने त्याला लाथा घातल्या त्याच्याच उंबऱ्यावर. त्यांचा डावा हात अजून वर जात नाही. दोरी ओढणारी मेंढी त्यांना एका हाताने आवरणार नाही. घरात दुसरा पुरुष नाही.

तू वीसला सुटतोस. सकाळची गाडी पकड, सरळ घरी जा, आंघोळ कर, दाढी कर. एकवीसला मेंढी तू धरायचीस. दारात अतांच्या एक पाऊल मागे उभा राहा. इर्सालियेव काहीही बोलला, तुझ्या आईवरून बोलला, तरी दोरीकडे बघ. त्याची बायको नान घेऊन येईल. तुझ्यापुढे धरील.

खा, उलार.

अनारकुल